पाचवं चाक म्हणजे स्टेपनी नव्हे

मागच्या एपिसोडमध्ये मी सहज बोलून गेले की आम्ही फिफ्थ व्हील कॅम्पर घेतलाय आणि तो ओढायला शिकताना एकदा थोडक्यात वाचलो. त्यावर जे मेसेज आले त्यातले निम्मे होते ‘फोटो टाक’ आणि निम्मे ‘वाचलो म्हणजे नक्की काय झालं?’ फोटो टाकलेत. आज दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आईला फोनवर सांगितलं, ‘आई, आम्ही फिफ्थ व्हील घेतलं.’ ती म्हणाली, ‘स्टेपनीला एवढे पैसे?’ (हसते) आपल्याकडे पाचवं चाक म्हणजे स्टेपनीच. पण हा शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं गोल कडं बसवायचे. चार उभी चाकं, हे पाचवं आडवं. आजही कंटेनर ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवर ती काळी, ग्रीस लावलेली गोल प्लेट दिसते ना, तीच ती. आमचा कॅम्पर त्याच पद्धतीने जोडला जातो. पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या साधारण वर, एक हिच बसवलेला असतो. कॅम्परच्या पुढच्या नाकाखाली दोन इंच जाडीची किंगपिन असते. ट्रक मागे घेत नेला की ती पिन हिचच्या जबड्यात शिरते आणि जबडा बंद होतो.

साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या टोकाला लटकतो, म्हणून तो डुलतो, शेपटीसारखा हलतो. फिफ्थ व्हीलचं वजन ट्रकच्या आसावर बसतं, त्यामुळे तो रस्त्यावर खूपच शांत चालतो. हा त्याचा गुण. आणि वजन ट्रकवर बसतं हीच त्याची गोम. तिथूनच आमची गोष्ट सुरू होते.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, रॅलीच्या बाजूला राहतो. दोघंही घरून काम करतो. आई-बाबा उन्हाळ्यात येणार होते. बाबांचे गुडघे दुखतात, आईला बाहेरचं खाणं दोन दिवसांच्या वर चालत नाही, आणि तिची एकच अट असते: ‘बाथरूम आपलं असावं.’ स्वयंपाकघर, पलंग, बाथरूम सगळं बरोबर घेऊन डोंगरात जाता येईल, हा हिशोब. हौस होतीच, नाही कशाला म्हणू.

विक्रेत्याने दाखवलेला कॅम्पर रिकामा ७,२०० पौंडांचा होता. सामान, पाणी, गॅस धरून जास्तीत जास्त ९,५०० पौंड. आमच्याकडे तेव्हा हाफ-टन पिकअप होता. विक्रेत्याने फोनवर आकडा काढून दाखवला, ‘तुमच्या ट्रकची टोइंग कपॅसिटी ११,००० पौंड. आरामात ओढेल.’ आम्ही खूश. सही करायला पेनसुद्धा हातात घेतलं होतं.

घरी आल्यावर काकांना फोन केला. माझे काका सांगली जिल्ह्यात असतात आणि त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस घातलाय. मी त्यांना कॅम्परचे फोटो दाखवत होते, आतला सोफा, फ्रीज वगैरे. त्यांनी सोफ्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, ‘ओढंल गं, ओढायला काय झालंय. पुढच्या गाडीच्या पाठीवर किती बसतंय ते सांग. काटा केलास का?’

काटा म्हणजे वजनकाटा, हे उसाच्या पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको. मी काटा केला नव्हता. मग गूगल करत बसले आणि रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन खाली गेले, ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर एक पिवळं-पांढरं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका. हा त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला नाही, तुमच्या दारात उभ्या असलेल्या ट्रकचा. आमचा होता १,६२०.

आता बेरीज करा माझ्याबरोबर. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के भार पिनवर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. वीस टक्के धरा. सामान भरलेला कॅम्पर ८,६०० पौंडांचा धरला तर १,७२०. संपलं! स्टिकरवरचा आकडा तिथेच ओलांडला. अजून लोखंडी हिचचे १५० आहेत, आम्ही दोघं ३१०, आई-बाबा २९०. म्हणजे एकूण २,४७०, आणि ट्रक झेपवणार १,६२०. टोइंग कपॅसिटी ११,००० आहे हे खोटं नव्हतं. इंजिन ओढेल. पण मागचा आस, स्प्रिंग, टायर, ब्रेक यांच्यावर साडेआठशे पौंड जास्तीचे, आणि त्या ट्रकमध्ये माझे आई-बाबा. विक्रेत्याच्या कागदावर पिनचं वजन १,२५० लिहिलं होतं. ते कोरड्या, रिकाम्या कॅम्परचं. त्यात एक भांडं नाही, पाण्याचा थेंब नाही.

मला सगळ्यात लाज कशाची वाटली माहितीये? मी दिवसभर ऑफिसात लोकांना विचारते, ‘हा आकडा कुठून आला? कोणत्या परिस्थितीत मोजला?’ आणि इथे एक माणूस शर्टाला इस्त्री करून आला, आणि मी त्याचा आकडा घेतला.

सौदा पुढे ढकलला, ट्रक बदलला. जुना थ्री-क्वार्टर-टन घेतला. गंमत म्हणजे सगळे म्हणत होते डिझेल घ्या. डिझेलची ओढ चांगली, पण इंजिन स्वतःच जड असतं, त्यामुळे बऱ्याचदा त्याच वर्गातल्या पेट्रोलच्या ट्रकचा पेलोड जास्त निघतो. म्हणून मी पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या ट्रकांची दारं उघडून स्टिकरचे फोटो काढत फिरले. सेल्समन बघत होता, बघू दे. ३,०२० चा एक मिळाला, पेट्रोलचा, रंग भयंकर. घेतला.

लायसन्सबद्दल खूप जणांनी विचारलं होतं. नॉर्थ कॅरोलिनात ट्रक आणि ट्रेलरचं मिळून ठरवून दिलेलं कमाल वजन २६,००० पौंडांच्या पुढे जात नसेल तर साधं लायसन्स चालतं. आमचं १९,५०० होतं. राज्य बदललं की नियम बदलतात, तेव्हा आपापल्या डीएमव्हीच्या साइटवर बघा. मला तर हे ऐकून बरं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली. एवढं मोठं धूड आणि कोणी परीक्षाच घेत नाही?

मग आम्हीच आमची घेतली. सुटीच्या दिवशी एका रिकाम्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार कोन ठेवले आणि तीन रविवार फक्त वळणं आणि रिव्हर्स.

वळणाचं असं आहे. फिफ्थ व्हील आतून कापतो. ट्रक ज्या वाटेने गेला त्या वाटेने मागची चाकं येत नाहीत, कोपऱ्याच्या बाजूला सरकून येतात. त्यामुळे चौकात उजवीकडे वळताना नेहमीच्या जागी स्टिअरिंग फिरवलं की मागची चाकं फुटपाथवर. आधी सरळ पुढे जायचं, अगदी ‘अरे आता वळ की!’ असं वाटेपर्यंत, आणि मग वळायचं. त्याच वेळी कॅम्परचं मागचं टोक उलट्या बाजूला बाहेर येतं, म्हणून पेट्रोल पंपाच्या खांबाजवळून कधीच पटकन वळायचं नाही. आमचा पहिला कोन तसाच गेला. कोन होता म्हणून बरं. ट्रकचा हौदा आखूड असेल तर आणखी एक: फार तिरकं वळलं की कॅम्परचं नाक केबिनच्या मागच्या काचेला लागू शकतं. त्यासाठी सरकता हिच मिळतो, आम्ही तो घेतला.

रिव्हर्सची युक्ती सगळीकडे तीच सांगतात. स्टिअरिंग खालून धरायचं, घड्याळात सहा वाजतात तिथे. मग हात डावीकडे नेला की कॅम्पर डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. डोक्याला उलटसुलट विचार करावा लागत नाही. आणि फिफ्थ व्हील उशिरा ऐकतो. स्टिअरिंग फिरवलं तरी क्षणभर काही होत नाही, आपण अजून फिरवतो, आणि मग तो एकदम ऐकतो, जरा जास्तच. काकांना व्हिडिओ पाठवला तर त्यांचं उत्तर: ‘लई हात चालतोय तुझा. जरा थांब, ती काय म्हणतीया बघ, मग फिरीव.’ मी विचारलं, ‘तुम्ही दोन ट्रॉल्या मागे कशा घेता?’ म्हणाले, ‘दोन ट्रॉल्या मागं घेणारा अजून जन्माला यायचाय. एक सोडायची.’

मागे उभं राहून सांगणाऱ्याचीही एक भाषा लागते. पहिल्या दिवशी नवरा ओरडत होता, ‘डावीकडे! डावीकडे!’ कोणाची डावी? तो माझ्याकडे तोंड करून उभा. आम्ही दुसऱ्या दिवशी डावी-उजवी बंद केली. ‘झाडाकडे’, ‘तळ्याकडे’, ‘थांब’. एवढे तीनच शब्द. आणि तो मला आरशात दिसेनासा झाला की मी थांबते, तो काहीही सांगत असला तरी. शंका आली की हँडब्रेक लावून खाली उतरून बघायचं. कॅम्पग्राउंडवर लोक खुर्च्या टाकून तुमचा रिव्हर्स बघत बसतात, तो तिथला टीव्ही आहे. बसू देत. चार वेळा पुढे-मागे केलं म्हणून कोणाचं घर पडलं नाही. घाई केली म्हणून पडलंय.

आता त्या दिवसाकडे येते.

आमची दुसरीच ट्रिप होती. जॉर्डन लेक, घरापासून तासाभराच्या आत. रविवारी सकाळी परत निघायचं होतं. जोडण्याचा क्रम आम्हाला पाठ होता. कॅम्परच्या चाकांना ठोकळे. ट्रकचा फाळका खाली, नाहीतर कॅम्परचं नाक थेट फाळक्यात. मग कॅम्परची उंची: त्याचे पुढचे पाय वर-खाली करून पिनची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा किंचित खाली ठेवायची, म्हणजे ट्रक आत शिरताना त्याला थोडं उचलून घेतो. जबडा उघडा. मग मुंगीच्या चालीने मागे. खट्ट असा आवाज येतो, दांडा आत जातो. मग टॉर्च घेऊन वाकून बघायचं की जबडा पिनभोवती बंद झालाय का.

त्या दिवशी जमीन उताराची होती. आदल्या दिवशी सोडताना आम्ही पाय जरा जास्त उंच केले होते, आणि सकाळी उंची परत बघितलीच नाही. शेजारच्या साइटवरचे एक आजोबा कॉफीचा मग घेऊन आले, कुठून आलात, इंडियात कुठे, त्यांचा मुलगा बंगलोरला जाऊन आलाय... गोड माणूस. मी एका बाजूला त्यांना उत्तर देतेय, एका बाजूला मागे घेतेय. खट्ट. नवरा म्हणाला, ‘लागलं.’ टॉर्च कॅम्परमध्ये होती. दार बंद केलं होतं. मी म्हटलं, बरं.

फक्त एक गोष्ट आम्ही सोडली नाही, आणि ती काकांची होती. त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, ‘पाय सगळं वर घ्यायचं न्हाई. बोटभर उचल, आन मग वढून बघ.’ म्हणजे पाय जमिनीपासून अगदी थोडे उचलायचे, ठोकळे तसेच ठेवायचे, कॅम्परचा ब्रेक हाताने दाबून धरायचा आणि ट्रक हळूच पुढे ओढायचा. नीट जोडलेलं असेल तर ट्रक जागीच अडतो.

ट्रक अडला नाही. सहज पुढे गेला, वीतभर, लोण्यासारखा, आणि मागून धप्प असा आवाज आला. सगळा ट्रक हलला. मी ब्रेक मारला आणि आरशात बघितलं तर नवरा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा.

पिन जबड्यात गेलीच नव्हती. ती उंच राहिल्यामुळे जबड्याच्या वर चढून बसली होती. खट्ट आवाज आला तो लोखंडावर लोखंड आपटल्याचा. ट्रक पुढे गेल्यावर पिन घसरली आणि कॅम्पर खाली आला, पण बोटभरच, कारण त्याचे पाय तिथे होते. पाय पूर्ण वर घेतले असते आणि आम्ही तसेच निघालो असतो तर कॅम्परचं अख्खं नाक, पावणेदोन हजार पौंड, ट्रकच्या हौद्याच्या भिंतींवर पडलं असतं. आणि ते तिथेच, थांबलेल्या जागी झालं असतं तर आमचं नशीब. पिन कधीकधी अशी बसते की दोन-चार मैल नीट येते आणि एखाद्या खड्ड्यात सुटते. तेव्हा मागे कोण असेल, सांगता येत नाही.

आजोबा तोवर कॉफी विसरून जवळ आले होते. त्यांनी फार काही उपदेश केला नाही. म्हणाले, चूक माझी, जोडणाऱ्या माणसाशी बोलायचं नसतं. मग वाकून मला एक गोष्ट दाखवली, जी मी आता कधीच चुकवत नाही. जोडल्यावर बाजूने बघायचं: पिनची प्लेट आणि हिचची प्लेट यांच्यामध्ये उजेड दिसतोय का. दिसला तर लागलेलं नाही, आवाज काहीही आलेला असो. टॉर्चसुद्धा लागत नाही त्याला.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. भांडण नव्हतं. नवरा शेवटी म्हणाला, ‘मी लागलं म्हटलं तेव्हा मी बघितलं नव्हतं. मी ऐकलं होतं.’ त्या दिवसापासून आमच्याकडे ‘लागलं’ हा शब्द बंद आहे. काय दिसलं ते बोलायचं. ‘जबडा पिनभोवती बंद, उजेड नाही, दांड्याला खिट्टी घातली.’ आणि मध्ये कोणी बोलायला आलं, फोन वाजला, काहीही झालं, तर जिथे होतो तिथून पुढे जायचं नाही, पहिल्यापासून सुरुवात. ऑफिसात माझा कोड कोणी ‘चांगला दिसतोय’ म्हणून पास करत नाही. म्हणजे, करतात. पण तिथे माणसं मरत नाहीत.

रात्री काकांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आमच्यात एकाची अशीच सुटली होती. भरल्याली.’ पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

त्यानंतरच्या गोष्टी पटापट सांगते, कारण त्या तुम्हाला कुठेही मिळतील. ओढून बघितल्यावरच फाळका वर करायचा, वायरचा सात पिनांचा प्लग लावायचा आणि ब्रेकअवे केबल अडकवायची. ही बारीक केबल कॅम्पर सुटलाच तर ओढली जाते आणि कॅम्परचे स्वतःचे ब्रेक त्याच्या बॅटरीवर लागतात. ती ट्रकला बांधायची, हिचच्या दांड्याला नाही. बॅटरी चार्ज नसेल तर ती केबल नुसती सुतळी आहे. ब्रेक कंट्रोलर प्रत्येक ट्रिपला तपासायचा: सपाट मोकळ्या जागी ताशी वीस-पंचवीस मैलांवर फक्त कॅम्परचा ब्रेक दाबायचा. गाडी मागून कोणीतरी धरल्यासारखी संथ व्हायला हवी, पण चाकं लॉक होऊन घासता कामा नयेत. टायरवर डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. कॅम्परचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन फुटतात, नक्षी नवीकोरी दिसत असताना. आमचे सहा वर्षांचे निघाले, चारही बदलले. बऱ्याच ट्रेलर टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल असते, महामार्गावर बोर्ड ७०चा असला तरी.

आणि काटा केला. इथे हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. तीन पट्ट्या: पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, कॅम्परची तिसरीवर. आमचं आलं ४,३६०, ४,८४० आणि ६,८८०. मग कॅम्पर सोडून नुसत्या ट्रकचा काटा केला, ७,४४०. वजाबाकी केली की पिनचा भार निघतो: १,७६०. ब्रोशरमध्ये १,२५०, बरं का. ट्रकची मर्यादा १०,००० आहे, आम्ही दोघं धरून ९,२०० झाले. आई-बाबा बसल्यावर ९,४९०. म्हणजे आईला लोणच्याच्या बरण्या आणायला पाचशे पौंड शिल्लक होते. (हसते) त्यातली एक पहिल्याच वळणावर फ्रीजमध्ये फुटली. फ्रीजच्या दाराला कुलूप घालायचं असतं.

पावती मी काकांना पाठवली. त्यांनी अंगठा पाठवला.

उंचीचं एक. आमच्याजवळ डरॅममध्ये एक रेल्वेचा पूल आहे, यूट्यूबवर जगप्रसिद्ध. वर्षानुवर्षं त्याची उंची ११ फूट ८ इंच होती आणि भाड्याचे ट्रक त्याला येऊन धडकायचे, छतं डब्याच्या झाकणासारखी सोलून निघायची. २०१९ मध्ये तो आठ इंच उचलला, आता १२ फूट ४ इंच. तरी लोक धडकतातच. आम्ही तो व्हिडिओ बघून खूप हसलो होतो. मग टेप घेऊन कॅम्परवर चढलो आणि एसीच्या टोपीपर्यंत मोजलं. १२ फूट ५ इंच. एक इंच! तेव्हापासून आकडा ट्रकच्या डॅशबोर्डवर चिकटवलाय, आणि फोनवरच्या नकाशावर भरवसा ठेवत नाही, कारण तो आपल्याला कार समजतो.

आई-बाबांना घेऊन आम्ही शेवटी ॲशव्हिलला गेलो. दोघं ट्रकमध्ये मागच्या सीटवर, पट्टे लावून. आईला चालत्या कॅम्परमध्ये आडवं व्हायचं होतं, ते बऱ्याच राज्यांत बेकायदेशीर आहे आणि नसतं तरी मी तिला बसू दिलं नसतं. बाबांनी यादीचा ताबा घेतला. निवृत्त बँकवाले, त्यांना टिक करायला मिळालं की झालं. ‘फाळका?’ ‘वर.’ ‘उजेड?’ ‘नाही.’ ‘खिट्टी?’ ‘घातली.’ ‘कोणी बघितली?’ हा प्रश्न त्यांनी स्वतःहून वाढवला. कॅम्पर तिकडे उभा करून ब्लू रिज पार्कवेवर आम्ही नुसता ट्रक घेऊन फिरलो. तिथले बोगदे कमानीचे आहेत, कडेला उंची कमी होते.

परतीला आय-४०वर ओल्ड फोर्टचा उतार लागतो. सहा टक्के, मैलोन्‌मैल, आणि कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्प. मी आदल्या रात्री नीट झोपले नव्हते. उताराच्या आधीच वेग ४५वर आणला, टो-हॉल मोड लावला, गिअर हाताने खाली घेतला. इंजिन किंचाळायला लागलं, चार हजार आरपीएम. आई मागून घाबरून म्हणाली, ‘अगं गाडी ओरडतेय, बिघडली का?’

बाबा म्हणाले, ‘नाही गं. ती आपल्याला धरून ठेवतेय.’ मग मला म्हणाले, ‘खंबाटकीत आमचा ड्रायव्हर म्हणायचा, ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर.’ आणि नवले पुलाच्या उताराचं बोलायला लागले, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये टाकलेले ट्रक, पुण्यात सगळ्यांना माहिती असलेलं. मी म्हटलं, बाबा, आत्ता नको. ते गप्प बसले. वेग पन्नासला गेला की मी ब्रेक एकदा नीट दाबायचे, चाळिसावर आणायचे, सोडून द्यायचे. सतत पाय ठेवून नाही, ब्रेक तापतात. एक कंटेनरवाला फ्लॅशर लावून उजव्या लेनमध्ये माझ्याहूनही हळू चालला होता. मी त्याच्यामागे लागले आणि खाली पोहोचेपर्यंत त्याला सोडलं नाही.

खाली आल्यावर पहिल्या ट्रक स्टॉपला थांबलो, चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन बघितलं. कोमट. आईने कॅम्परमध्ये जाऊन चहा टाकला. आपल्याच स्वयंपाकघरात.

पुढच्या एपिसोडमध्ये ब्लॅक टँक कसा रिकामा करतात ते सांगणार आहे. जेवताना ऐकू नका.